परघरी गेलेल्या चाली

दिवाळी अंकात व्हिडिओ गेमच्या संगीतावर लेख पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, याची मला पुरती कल्पना आहे. चकली-चिवड्याबरोबर वाचायला एखादी कथा, फार तर एखाद्या गवयावरचा लेख, हे समजू शकते. पण मुलांच्या हातातल्या त्या खेळण्यातला किणकिणाट कसला ऐकायचा, असे कोणी म्हटले तर मी त्याच्याशी भांडणार नाही. फक्त एक सांगेन. ज्यांच्या घरी नातवंडे आहेत त्यांनी हे संगीत आधीच ऐकलेले आहे. शेजारच्या खोलीतून, दार अर्धे लोटलेले असताना, दुपारी डोळा लागता लागता ऐकलेले आहे. ऐकले आहेच, तर आता जरा कान देऊन ऐकावे, एवढेच माझे म्हणणे.

मला बोलायचे आहे ते एका खेळमालिकेतल्या चालींबद्दल आणि त्या दुसऱ्या जातीच्या खेळांत गेल्यावर त्यांचे काय झाले याबद्दल. मालिकेचे नाव 'द लेजंड ऑफ झेल्डा'. जपानच्या निन्टेंडो कंपनीने तिचा पहिला खेळ १९८६ साली बाजारात आणला. हिरव्या टोपीचा लिंक नावाचा एक मुलगा, झेल्डा नावाची राजकन्या, हायरूल नावाचे राज्य आणि गॅनन नावाचा दुष्ट, एवढीच कथेची सामग्री. आपल्या आजीच्या गोष्टीतला राजपुत्र आणि राक्षस यांहून ती फार निराळी नाही. खेळाचा जीव मात्र कथेत नसून भटकण्यात आहे. रान, डोंगर, भुयारे, गावे हिंडायची, वाटा शोधायच्या, कुठे काय दडले आहे ते आठवणीत ठेवायचे. हे तासन् तास चालते, आणि तितका वेळ संगीत सोबतीला असते.

दुसरा खेळ 'सुपर स्मॅश ब्रदर्स'. हा १९९९ साली आला, आणि मासाहिरो साकुराई हे त्याचे सूत्रधार. कल्पना मोठी गमतीची आहे. निन्टेंडोच्या निरनिराळ्या खेळांतली पात्रे, म्हणजे मारिओ, पिकाचू, डाँकी काँग आणि आपला लिंक, एका आखाड्यात उतरवायची आणि त्यांची झोंबी लावून द्यायची. प्रतिस्पर्ध्याला ठोकून ठोकून आखाड्याबाहेर भिरकावले की जिंकले. पहिल्या खेपेस पात्रे १२ होती. २०१८ सालच्या 'अल्टिमेट' या पाचव्या पिढीत पुढे जोडलेली धरून ती ऐंशीच्या वर गेली. प्रत्येक पात्र येताना आपले आखाडे घेऊन येते आणि आखाड्याबरोबर आपल्या माहेरच्या चाली. 'अल्टिमेट'मध्ये अशा ८०० हून अधिक चाली आहेत. सगळ्या ओळीने वाजवल्या तर २८ तास पुरतात, असे कंपनीनेच अभिमानाने सांगितले होते.

चालीने घर बदलणे ही गोष्ट मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. जुन्या संगीत नाटकांची पुस्तके उघडा. पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात 'चाल' असे छापून पुढे कुठल्यातरी दुसऱ्याच गाण्याचे नाव असते. कुठली कानडी चाल, कुठली लावणी, कुठल्या घराण्यातली बंदिश, आणि ती म्हणणार शकुंतला नाहीतर सुभद्रा. आपल्या आज्यांनी ती पदे ऐकली, मूळ चीज त्यांना ठाऊकही नव्हती. तेव्हा चाल उचलली म्हणून नाक मुरडण्याचा आपल्याला अधिकारच नाही. विचारायचे ते एवढेच की नव्या घरी ती नांदते आहे का, की नुसतीच राबते आहे.

झेल्डाच्या बाबतीत तर सुरुवातच उसनवारीच्या बेतापासून झाली. संगीतकार कोजी कोंडो. १९६१ सालचा नागोयाचा जन्म, १९८४ साली निन्टेंडोत नोकरी, आणि १९८५ साली 'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या चालींनी जगभर पसरलेला. पहिल्या झेल्डाच्या प्रारंभी, नाव पडद्यावर झळकते त्या वेळी, राव्हेल या फ्रेंच संगीतकाराचा 'बोलेरो' वाजवायचा असे त्याने ठरवले होते. ते काम होत आल्यावर कळले की 'बोलेरो'चे हक्क अजून संपलेले नाहीत. राव्हेल १९३७ साली वारला होता. मुदत अजून भरायची होती. खेळ तर तयार. मग कोंडोने एका रात्रीत, खेळातल्या भटकंतीसाठी आधी बांधलेल्या स्वतःच्याच चालीचा नवा साज प्रारंभासाठी उभा केला. आज झेल्डा म्हटले की जी चाल आठवते ती हीच. दुसऱ्याची चाल घेता आली नाही म्हणून पुढे आलेली ही चाल पुढे इतक्या ठिकाणी घेतली गेली, हा योगायोग मला तरी फार आवडतो.

त्या चालीची ठेवण पाहा. षड्जावर ती पाय रोवते, खाली मंद्र पंचमाला टेकते, पुन्हा षड्जावर येते आणि मग रिषभ, गंधार, मध्यम अशा पायऱ्या चढत पंचमावर जाऊन उभी राहते. एखादा मुलगा घराच्या ओट्यावरून उडी टाकून समोरची टेकडी चढून गेला, असेच वाटते. त्या वेळच्या यंत्राजवळ आवाज किती? दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक नुसत्या खरखरीचा आणि एक मुद्रित नमुने वाजवणारा. शिवाय जपानातल्या चकतीवाल्या जोडयंत्राने एक जादा दिला, तेवढाच. या तुटपुंज्या संसारात जे काही सांगायचे ते सुरावटीनेच सांगणे भाग होते. भपका करायला जागाच नव्हती. म्हणून या चाली सांगाड्याने भक्कम आहेत. त्यांच्यावर पुढे कोणी व्हायोलिने चढवली, कोणी तुताऱ्या, कोणी विजेची गिटार, तरी त्या वाकत नाहीत.

१९९९ च्या पहिल्या 'स्मॅश'मध्ये हायरूलच्या किल्ल्याच्या आखाड्यावर हीच चाल आली. नियोजन हिरोकाझू आंदो यांचे. तिथे तिला काही झाले नाही, उलट ती खुलली, कारण ती मुळातच वीरश्रीची आहे. भटकणाऱ्याच्या पायांत होती ती लढणाऱ्याच्या मनगटात आली. २००३ साली नामको कंपनीच्या 'सोल कॅलिबर २' या शस्त्रयुद्धाच्या खेळाच्या निन्टेंडोवाल्या आवृत्तीत लिंक पाहुणा म्हणून गेला, तेव्हाही तो ही चाल बरोबर घेऊनच गेला. त्या गंभीर, तलवारी खणखणवणाऱ्या मंडळीत हिरव्या टोपीचा मुलगा जरा विजोड दिसतो. चाल मात्र विजोड वाटत नाही. या चालीबद्दल यापेक्षा अधिक लिहिण्याची गरज नाही. ती कुठेही नेली तरी आपले पाहून घेईल.

सगळ्याच चालींची प्रकृती अशी दणकट नसते. १९९८ सालच्या 'ओकारिना ऑफ टाइम' या खेळात हरवण्याचे एक रान आहे. ओकारिना म्हणजे मातीची, अंड्याच्या आकाराची, भोके असलेली एक प्रकारची शिट्टी-बासरी. लिंकची बालमैत्रीण सारिया त्या रानाच्या पोटात एका ओंडक्यावर बसून ती वाजवीत असते. तिची चाल खेळणाऱ्याने यंत्राच्या बटणांवर वाजवायला शिकायची. बटणे पाचच, सूरही पाचच. पहिला सूर षड्ज धरला तर तिचा मुखडा षड्ज, गंधार आणि तीव्र मध्यम एवढ्यावरच उभा आहे. शुद्ध मध्यम असता तर ते एक साधे बडबडगीत झाले असते. त्या तीव्र मध्यमामुळे त्यात एक मिश्कील, किंचित अधांतरी असे काही आले आहे. मूल एका पायावर उभे राहून तोल सावरते आहे, असे. याला यमन म्हणणे हा आचरटपणा होईल, पण यमनने ज्याचे कान तयार झाले आहेत त्याला ती जागा लगेच ओळखू येईल.

आता खरी खुबी सांगतो. त्या रानाला एकसारख्या दिसणाऱ्या अनेक वाटा आहेत. चुकीच्या वाटेने गेलात की पुन्हा रानाच्या तोंडाशी. कुठली वाट खरी हे डोळ्यांनी कळत नाही, कानांनी कळते. बरोबर वाटेच्या तोंडाशी गेले की ती चाल मोठी ऐकू येते, चुकीच्या वाटेशी गेले की विरत जाते. म्हणजे चाल ही तिथे सजावट नाही, तीच वाटाड्या आहे. सारिया आत बसून वाजवते आहे आणि आपण त्या सुराच्या मागावर चाललो आहोत. कथेत पुढे सारिया लिंकला नेहमीसाठी दुरावते, तेव्हा त्या ओंडक्यावर कोणी नसते. संगीत, जागा आणि माणूस यांची इतकी घट्ट वीण मी नाटक-सिनेमातही फार थोड्या वेळा पाहिली आहे.

हीच चाल २०१४ साली 'स्मॅश'च्या चौथ्या पिढीत आली. कशी आली? त्याच खेळातल्या एका मधल्या राक्षसाशी लढतानाच्या संगीताशी सांधून. सुरुवातीला सारिया, मग लढाई, मग पुन्हा सारिया. नियोजन सफाईदार आहे यात शंका नाही. वाद्यांची निवड चांगली, ठेका उडता, सांधा कुठे आहे ते कळू नये असा. आखाड्यात मारामारी चालू असताना ते कानांना गोडच लागते. पण ज्या चालीचा अर्थ 'इकडे ये, वाट इकडे आहे' असा होता, तिला आता कुणाला कुठेच न्यायचे नाही. आखाड्याला वाट नसते, नुसती कड असते. मोठी होणे आणि विरणे हे तिचे बोलणे होते. इथे ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच आवाजात वाजते, कारण लढणाऱ्याला ऐकू आली पाहिजे. ती बोलायची थांबली आहे आणि फक्त गाते आहे, असे मी म्हणेन. पुष्कळांना ते पुरते. मला पुरत नाही.

२०१९ च्या हिवाळ्यात मी न्यू जर्सीला मुलीकडे होतो. बाहेर बर्फ, त्यामुळे घरात कोंडलेली दोन नातवंडे आणि दिवसभर 'स्मॅश'. एका रविवारी जावयाने विद्यार्थिदशेत घेतलेले आपले जुने यंत्र तळघरातून वर आणले आणि 'ओकारिना' लावून दिले. धाकटी नात नऊ वर्षांची. ती रानात शिरली, चाल सुरू झाली, आणि ती ओरडली, "आजोबा, हे तर स्मॅशचं गाणं! यांनी ते चोरलंय!" जावई दुखावला. त्याने तिला सालासकट समजावून सांगितले की चोरी झालीच असेल तर उलट्या दिशेने झाली आहे. तिने ऐकून घेतले, पण तिचा चेहरा पटल्याचा नव्हता. तिच्या लेखी ते मारामारीचे गाणे होते आणि रानात उगाच कोणीतरी हळू वाजवीत होते. मग दोन-तीनदा ती वाट चुकली, रानाच्या तोंडाशी परत आली, चिडली. भावाने सांगितले, "कान लाव ना." तिने कान लावला. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटे त्या खोलीत कोणी बोलले नाही.

तिच्या आठवणीचा क्रम तिच्या बापाच्या उलटा आहे. त्याला आखाड्यात रान आठवते, तिला रानात आखाडा आठवला. यात कोणाची आठवण खरी, हा वाद घालण्यात अर्थ नाही. मात्र या खेळांवर लिहिणारे बहुतेक लोक बापाच्या बाजूने लिहितात: ओळखीची चाल ऐकली, बालपण आठवले, डोळे पाणावले, संपले. त्या आनंदाला कमी लेखण्याचे कारण नाही. 'स्मॅश'च्या संगीताचा निम्मा व्यवहार त्याच्यावरच चालतो. पण दर वर्षी अशी हजारो मुले येतात ज्यांना आठवण्यासारखे काहीच नसते. त्यांच्यासमोर चालीला स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते. परीक्षा तिथे आहे.

आणि या परीक्षेत एक चाल अशी उतरली आहे की तिच्यापुढे माझा वरचा सगळा कुरकुरीचा सूर मवाळ होतो. १९८७ साली झेल्डाचा दुसरा खेळ आला, लिंकच्या साहसाचा. त्याला कोंडोने नव्हे, अकितो नाकात्सुका यांनी संगीत दिले. मालिकेच्या घरातले हे जरा वेगळ्या वळणाचे, थोडेसे दुर्लक्षित अपत्य. खेळ कठीण, चेहरामोहरा भावंडांसारखा नाही, त्यामुळे लोकांनी त्याला फारसे मांडीवर घेतले नाही. त्यातल्या प्रासाद-भुयारांत वाजणारी एक चाल होती. २००१ साली 'स्मॅश'च्या दुसऱ्या पिढीत, 'मेली'त, हायरूलच्या मंदिराचा एक भला थोरला आखाडा केला गेला आणि हिरोकाझू आंदो, तादाशी इकेगामी, शोगो साकाई, ताकुतो कित्सुता या चमूने त्याला संगीत म्हणून नेमकी हीच विस्मृतीत पडलेली चाल काढली.

काय केले त्यांनी? मूळ चाल त्या गरीब यंत्रावर धडधडत, काहीशी धापा टाकत जात असे. तिच्यात एक ताण होता, पण तो व्यक्त करायला साधन नव्हते. 'मेली'त तिला वाद्यवृंदाचा साज मिळाला आणि त्या ताणाला शरीर आले. खालून तंतुवाद्यांची सतत चाललेली टापांसारखी गती, वर सुरावट. ते मंदिर अनेक मजली, पडझड झालेले, खाली गुहेसारखी बोळकांडी; तिथे अडकलेले दोन लढवय्ये भिंतींवर आपटत राहतात आणि ही चाल त्यांच्या डोक्यावरून वाहत असते. जागा आणि चाल यांची इथे नवीन गाठ पडली, आणि ती मूळच्या गाठीपेक्षा घट्ट बसली. ज्यांनी १९८७ चा खेळ कधी हातात धरला नाही अशा मुलांनाही ही चाल तोंडपाठ असते. नाकात्सुकाची चाल आपल्या जन्मघरी सावत्र वागणूक सोसत होती, ती परघरी जाऊन नावारूपाला आली. नियोजकाने मूळ रचनेत काय आहे हे नुसते वाचले नाही, त्यात काय व्हायचे राहून गेले आहे हेही ओळखले. पुनर्नियोजनाची यापेक्षा मोठी पावती कोणती?

काही चाली मात्र नेताच येत नाहीत, आणि तरी नेल्या जातात. 'ओकारिना'तल्या हायरूलच्या माळाचे संगीत घ्या. खेळणारा या माळावरून शंभर वेळा जाणार, तेव्हा त्याने कंटाळू नये म्हणून कोंडोने एक सलग चाल न बांधता थोड्या थोड्या मापांचे कितीतरी तुकडे बांधले. यंत्र ते दर वेळी निराळ्या क्रमाने जोडते. शत्रू जवळ आला की तणावाचे तुकडे, लिंक उभा राहिला की निवांत तुकडे, आणि रात्र पडली की संगीत बंद, फक्त रात्रीचे आवाज. हे संगीत खेळणाऱ्याच्या पायांबरोबर रचले जाते. एका अर्थी आलापीच ती. आखाड्यासाठी एखादा सुंदर तुकडा उचलून सलग गुंफता येतो. मग ते ध्वनिमुद्रिकेसारखे होते. वाईट नसते, पण ते दुसरेच काही असते.

त्या मानाने गेरुडोच्या दरीची चाल नशीबवान. गिटार, टाळ्या, स्पेनच्या जिप्सींच्या नाचाची ठसक. २००८ च्या 'ब्रॉल'मध्ये ती समुद्रातल्या चाच्यांच्या जहाजावर वाजे, आणि वाळवंटातली ती बाई खाऱ्या वाऱ्यात काय करते आहे असे वाटे. २०१४ साली हातातल्या छोट्या यंत्रावरच्या आवृत्तीत तिला तिची दरी मिळाली, दरीवरचा पूलही मिळाला. एवढा बदल पुरला. चाल तीच, पण टाळ्या आता त्या खडकांवरून घुमून आल्यासारख्या वाटतात. सारियाच्या चालीप्रमाणे हिला काही सांगायचे नव्हते, फक्त नाचायचे होते. आणि लढाई ही नाचापासून फार दूर नसते. 'अल्टिमेट'मध्ये चाली आखाड्याला बांधलेल्या नाहीत, मालिकेला बांधलेल्या आहेत. मालिकेच्या कुठल्याही आखाड्यावर तिची कुठलीही चाल. खेळणाऱ्यांना ही सोय वाटते. मला ते पाहुण्यांच्या पंगतीत कोणीही कुणाच्याही पाटावर बसावे तसे वाटते. जेवण होते, यजमानाच्या मनातली मांडणी जाते.

राजकन्या झेल्डाच्या अंगाईची गंमत मात्र सांगितलीच पाहिजे. १९९१ सालच्या खेळातली ही चाल. २०११ साली 'स्कायवर्ड सोर्ड' नावाचा खेळ आला, त्याची मुख्य चाल भव्य, वाद्यवृंदाची. लोकांनी ती उलटी वाजवून पाहिली तर आत अंगाई सापडली. म्हणजे मालिकेने स्वतःचीच चाल स्वतःच्याच घरात आरशातून नेली होती. ती भव्य चाल पुढे 'स्मॅश'च्या आखाड्यावर गेली. तिथे चार जण एकमेकांना ढगांतून खाली लोटत असतात आणि वर उलटी अंगाई वाजत असते. या विसंगतीचा कोणाला त्रास होत नाही, कारण ती कोणाला ऐकूच येत नाही. परघरी गेलेल्या चालीने माहेरचे नाव असे पदराखाली झाकून न्यावे, हे मला सारियाच्या उघड्या मिरवणुकीपेक्षा जास्त आवडले.

'ओकारिना'तच वादळाचे एक गाणे आहे. तेही 'ब्रॉल'मध्ये गेले. मोठा झालेला लिंक पवनचक्कीतल्या एका चिडलेल्या वादकाकडून ते शिकतो. तो म्हणतो, सात वर्षांपूर्वी एका पोराने येऊन हे गाणे वाजवले आणि माझी चक्की बिघडवली. मग लिंक काळात मागे जातो, पोर होतो आणि तेच गाणे त्या वादकाला ऐकवतो. आता सांगा, ते रचले कोणी? लिंक वादकाकडून शिकला, वादक लिंककडून. गाण्याला कर्ताच नाही. कथाकाराने केलेला हा खेळ आहे, पण मला त्यात त्या काळच्या संगीतकारांची गोष्ट दिसते. १९८६ च्या पहिल्या झेल्डाच्या शेवटी संगीतकाराचे नाव म्हणून 'कोनचान' एवढेच झळकते. हे कोंडोचे लाडाचे नाव. दुसऱ्या खेळात नाकात्सुका 'त्सुकासान' होतो. जगभरची मुले ज्या चाली गुणगुणत होती त्यांच्या खाली ही अशी घरगुती टोपणनावे. 'ब्रॉल'च्या वेळी तीसांहून अधिक संगीतकार नियोजनाला बसले आणि त्यांची नावे खरीखुरी, जाहीरपणे दिली गेली. कोणाची मूळ रचना, कोणाचे नियोजन, हे रसिक चर्चू लागले. मारामारीच्या खेळांनी या संगीतावर केलेला हा उपकार त्यांच्या सगळ्या तुताऱ्यांपेक्षा मोठा आहे, असे माझे मत आहे. बंदिशीखाली रचनाकाराचे नाव नसले की पुढे काय गोंधळ होतो हे आपल्याकडच्या जाणकारांना विचारा.

राहता राहिले २०१७ साली आलेले 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'. मानाका काताओका, यासुआकी इवाता आणि हाजिमे वाकाई यांनी याचे संगीत केले, आणि तीस वर्षांची रीत मोडली. अफाट मोकळा मुलूख. त्यात हिंडताना सलग चाल नाहीच. वारा, गवत, पाऊल. मग अचानक पियानोचे चार-दोन सूर, कुणी दूरच्या खोलीत झाकण उघडून बोटे टेकवावीत तसे, आणि पुन्हा काही नाही. पुष्कळ जुने भक्त रागावले, आमची चाल कुठे गेली म्हणून. मला स्वतःला हे मालिकेतले सर्वांत धाडसी संगीत वाटते. ज्या घराने जगाला चाल दिली त्याच घराने आता गप्प बसायचे धैर्य दाखवले होते.

'अल्टिमेट'ने या खेळातला पठारावरचा मनोरा आखाडा म्हणून घेतला आणि चाल घेतली ती त्याची मुख्य, पूर्ण वाद्यवृंदाची, भरजरी. दुसरे करणार तरी काय? दोन-तीन मिनिटांच्या झुंजीत पहिल्या क्षणापासून काहीतरी वाजायला हवे, ठोशांच्या वर ऐकू यायला हवे. ती मुख्य चाल उत्तम आहे, वाजलीही उत्तम. पण त्या खेळाचे संगीत म्हणजे ती नव्हे. त्याचे संगीत मधल्या रिकाम्या जागेत आहे, आणि ती रिकामी जागा अजून कोणी आखाड्यात नेलेली नाही. ८०० चालींच्या त्या कोठारात तेवढीच एक गोष्ट मी शोधत होतो. कोणी नियोजकाने एकदा करून पाहावे: झुंज सुरू होते, पियानोचे तीन सूर पडतात आणि थांबतात, नंतर बराच वेळ फक्त तलवारींचा आवाज आणि वारा. मुले खेळता खेळता क्षणभर थबकतील, आवाज गेला की काय म्हणून यंत्राकडे बघतील. बघू देत.